घरून काही?

९ जानेवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार पत्रातच समजून घे, कारण अंगावर सुरक्षेचा बेल्ट चढवलाय आणि तो घालून वाकता येत नाही.

फोन करून उपयोग नाही. मी घसा फोडून ओरडतो आणि तू विचारतेस, "कोण, दूधवाला का?" शिवाय माझा फोन मी इथे यायच्या आदल्या दिवशी भिंतीवर आपटला. तिचा नंबर लागत नव्हता. बाकी भिंतीचा काही दोष नव्हता.

नोकरी ऐकून हसशील. ज्याच्यामागे जन्मभर "जरा सांभाळून रे, जरा सांभाळून" करत फिरलीस, त्याला इथे दुसऱ्यांना सांभाळायला ठेवलंय. मोठी इमारत उभी राहतेय. डोक्यावर हेल्मेट आहे का, परांचीच्या फळ्या घट्ट बांधल्यात का, स्लॅबच्या कडेला कठडा आहे का, हे बघत दिवसभर वर-खाली करायचं. नसेल तर शिट्टी फुंकायची. उंचावर काम करणाऱ्याच्या बेल्टाला दोन हूक असतात. पुढे सरकताना एक पुढच्या पाइपाला अडकवायचा आणि मगच मागचा सोडायचा. मी कॉलेज सोडलं तेव्हा हा नियम मला कोणी सांगितला नव्हता.

शिट्टीवरून माझं नावच शिट्टी पडलंय. मी दिसलो की गप्पा बंद. जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल करून बसतात. मी जवळ गेलो की एकेकाला कामं आठवतात. म्हणून मी सिमेंटच्या गोण्यांशेजारी जेवतो. गोण्या उठून जात नाहीत.

रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना उभं करून मी तीन प्रश्न विचारतो. साहेबांनी घालून दिलेली पद्धत आहे. झोप झाली का? काही प्यायलाय का? घरून काही? तिसऱ्याचा अर्थ असा की घरून वाईट बातमी असेल तर त्या माणसाला त्या दिवशी वर चढवायचं नाही, जमिनीवरचं काम द्यायचं. डोकं घरी आणि पाय फळीवर असला माणूस पडतो. पण उत्तर मिळतं शाळेतल्या हजेरीसारखं. सगळे एका सुरात ओरडतात, "सगळं ठीक!" आणि पांगतात.

आता मुद्द्याचं. ती कॉलेजच्या वाचनालयात येते ना? तुझ्या खिडकीवर पुस्तक बदलायला? कशी आहे? शेवटच्या भांडणात मला म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे कठडा नसलेल्या गच्चीवर राहायचं." मी कपाळावर आठी घालून निघालो तो थेट इथे आलो. तिला सांग, मी आता कठडे बसवतो. एवढंच सांग. ती समजेल.

तुझा,
तडतड्या


२० जानेवारी

अरे तडतड्या,

पत्र पोचलं. बाद झालेल्या पुस्तकांची कार्डं इथे ढिगाने पडून आहेत, त्यांच्याच मागच्या बाजूला लिहितेय. एका कार्डावर माझं मावेना म्हणून चार जोडली. उलटं करून वाचत बसू नकोस, तिथे फक्त शरीरशास्त्र आहे.

ती येते. परवा आली होती. मी म्हटलं, कठडे बसवतोय म्हणे. ती हसली, मग पुस्तकाची पानं उगाच चाळत बसली. जाताना विचारलं, "तो बरा आहे ना?" मी म्हटलं, आहे. बरा आहेस ना रे?

तुझे बाबा तुझं नाव काढत नाहीत. पण रविवारी माझ्याकडे येतात तेव्हा पेपरात कुठे बांधकाम कोसळल्याची बातमी असली की मला वाचून दाखवतात. माझ्या कानांसाठी मोठ्याने वाचतो असं म्हणतात. मला मेलीला ऐकू कमी येत असेल, पण माणसाचा आवाज कुठे कापतो ते दिसतं.

जेवायला गोण्यांशेजारी का बसतोस? जाऊन बस की माणसांत. उठले तर उठले. रोज किती दिवस उठतील?

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

"तो बरा आहे ना" हे तिने कसं विचारलं ते तू लिहिलं नाहीस! चेहरा कसा होता? आधी पुस्तक ठेवलं की आधी विचारलं? तू इतकी वर्षं पुस्तकं सांभाळलीस आणि एवढंही नीट लिहिता येऊ नये! असो. मी ते कार्ड हेल्मेटच्या आत खोचून ठेवलंय. शरीरशास्त्राची बाजू डोक्याकडे.

इथे परवा माझं आणि मुकादमाचं वाजलं. माल आत घ्यायला त्याच्या माणसांनी कडेचा कठडा काढला आणि परत लावला नाही. मी म्हटलं, लावा. तो म्हणाला, "लावू की संध्याकाळी. शिट्टी, तू कॉलेजात किती दिवस टिकलास रे?" माझं डोकं फिरलं. शिट्टी तोंडात घातली ती काढलीच नाही. सगळ्या मजल्यांवरचं काम थांबलं, क्रेनवाला खाली डोकावायला लागला, साहेब धावत आले. मुकादमाला कठडा लावायला लावला आणि मला खोलीत नेऊन झापलं. म्हणाले, "तुझं बरोबर होतं. पण असं ओरडून बरोबर असलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही." हे वाक्य मी याआधी ऐकलंय. तिच्याच तोंडून.

म्हणून आत्या, तिला एकच विचार. मेमध्ये इथलं काम आटोपेल. मी येईन, कॉलेजचं राहिलेलं वर्ष पुरं करीन. तोवर थांबशील का? हो किंवा नाही. मधलं काही नको. तिच्या उत्तरासाठी जीव टांगणीला लागलाय, आणि इथे टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला रोज दिसतं.

जेवायला काल त्यांच्यात जाऊन बसलो. एक सोडून सगळे उठले. जो राहिला तो वेल्डर. त्याला ठिणगी म्हणतात, पण माणूस एकदम थंड. डबा संपवला, हात धुतले, गेला. एक अक्षर बोलला नाही. तरी बरं वाटलं.

तडतड्या


२६ फेब्रुवारी

प्रिय तडतड्या,

उत्तराला उशीर झाला. थंडीने गुडघे धरले होते.

ती खुशाल आहे. अभ्यासात बुडालेली असते. खिडकीपाशी बसते, मान वर करत नाही. तुझा प्रश्न अजून विचारला नाही. परीक्षा तोंडावर असताना पोरीच्या डोक्याला कशाला घोर? योग्य वेळ बघून विचारीन.

एक मला सांग. घरून वाईट बातमी आलेल्या माणसाला तुम्ही खरंच खाली ठेवता का? आणि त्याने बातमी सांगितलीच नाही तर तुम्हाला कळतं का? सहज विचारलं.

वर चढताना डोकं ठिकाणावर ठेवत जा. दोन्ही हूक नीट लाव.

आत्या


६ मार्च

आत्या,

ठेवतो खाली. सांगितलं तर. नाही सांगितलं तर कसं कळणार, मी काय कपाळ वाचतो? तुला बेल्टाचं एवढं काय पडलंय? मी काय विचारलं आणि तू काय लिहिलंस! योग्य वेळ म्हणे. हो की नाही, दोन शब्दांतला एक शब्द विचारायला महिना लागतो?

चिडून लिहितोय हे मला कळतंय. फाडणार होतो, पण दुसरा कागद नाही. खोलीवर आल्यावर बोलायला भिंती आणि ऐकायला पंखा. पंखा नुसता मान हलवतो. ती खिडकीपाशी बसते हे वाचून मी डोळे मिटून ती खिडकी बघतो. त्यावर दिवस जातो. तेवढं मात्र लिहीत जा.

तडतड्या


१७ मार्च

तडतड्या,

कालही आली होती. निळी ओढणी होती. खिडकीतून ऊन पुस्तकावर येत होतं म्हणून जागा बदलून बसली. जाताना पेन विसरून गेली, मी जपून ठेवलंय.

परीक्षा होऊ दे.

तुझं पत्र वेळेवर टाकत जा. पोस्टमन आपल्या दारावरून तसाच पुढे गेला की बरं वाटत नाही.

आत्या


३० मार्च

आत्या,

काल ठिणगी पडला. जिवंत आहे, हे आधी सांगतो.

बाहेरच्या बाजूला परांचीवर वेल्डिंग चालू होतं. मी खालच्या मजल्यावर होतो. आधी त्याचं हेल्मेट माझ्यासमोरून गेलं, हनुवटीचा पट्टा लावला नसणार. मग तो. आणि माझ्या डोळ्यांसमोर गचका बसून तो हवेत थांबला. एक हूक लागलेला होता. दुसरा नुसता लोंबत होता. तिथून तो बघत होता माझ्याकडे, शांतपणे, जसा डबा खाताना बघतो तसा.

बेल्टावर लटकलेल्या माणसाला फार वेळ तसा ठेवायचा नसतो, पायांत रक्त साकळतं. मला शिकवलं होतं ते सगळं आठवलं आणि शिट्टी वाजवायचं तेवढं विसरलो. मी, मुकादम आणि आणखी दोघांनी दोर टाकून त्याला स्लॅबवर ओढून घेतला. तो बसला. पाणी प्यायला. आणि मग माझं टाळकं सरकलं. मी हात उचलला, आत्या. मरता मरता वाचलेल्या माणसावर. मुकादमाने माझं मनगट धरलं.

"दुसरा हूक का नाही लावलास?" मी ओरडलो.

"लक्षात नाही राहिलं."

"लक्ष कुठे होतं?"

तर म्हणाला, "आई गेली."

निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता. इतका लांब राहतो की निघाला असता तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. सकाळी मी विचारलं, घरून काही? आणि सगळ्यांबरोबर तोही ओरडला होता, सगळं ठीक.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. "तू शिट्टी वाजवलीस."

मग आपणहून बोलला, "सांगितलं असतं तर खाली बसवलं असतंस. खाली बसून खिळे वेचत तिचाच विचार केला असता. वर गेलं की नुसता जाळ दिसतो. दुसरं काही दिसत नाही." मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. मुकादमाने चहा मागवला. तीन.

खोलीवर येऊन तुझी सगळी पत्रं काढली. रोज फळ्यांच्या गाठी तपासणारा मी, आणि समोरची सुटलेली गाठ मला दिसली नाही. जानेवारीतलं पत्र वाचनालयाच्या कार्डांवर आहे. त्यानंतरचं एकही नाही. फेब्रुवारीचं आणि मार्चचं कॅलेंडरच्या पानांमागे लिहिलंयस. कार्डं ढिगाने पडून आहेत ना? मग घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर का फाडतेस?

आणि दोन्ही पत्रांत तू मला हूक लावायला सांगतेस, नाहीतर पत्र टाकायला सांगतेस. तिचा शब्द एकही नाही. नुसती खिडकी, ऊन, ओढणी.

आत्या, तूही माझ्यापुढे "सगळं ठीक" ओरडतेस का? ओरडू नकोस. मी शिट्टी वाजवत नाहीये. विचारतोय. घरून काही?

तडतड्या


८ एप्रिल

(पाकिटावर लिहिलंय तसंच कर. सुट्टीच्या दिवशी, जमिनीवर बसून उघड.)

प्रिय बाळा,

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मी वाचनालयात जात नाही. मुलं एक पुस्तक मागत आणि मी दुसरंच काढून देई. प्राचार्य भले माणूस आहेत. खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि एका कागदावर लिहून दाखवलं, "आता विश्रांती घ्या." कागदावर लिहिल्यामुळे मला ऐकू आलं नाही असं म्हणायचीही सोय राहिली नाही. येताना कार्डं आणायचं सुचलं नाही. तुझ्या बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी ते येतात तेव्हा मी वाचनालयातल्या गोष्टी सांगते. जुन्याच फिरवून सांगते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती घरी आली. पत्ता शोधत आली होती. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दुसऱ्या शहरात निघाली होती, घरच्यांनी तिथे सगळी व्यवस्था केली होती. तुझा प्रश्न मी तेव्हाच तिला विचारला. ती बोलली, पण हळू बोलली, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, बाई गं, परत सांग. तेव्हा तिला मोठ्याने सांगावं लागलं. "त्याला सांगा, माझी वाट बघू नको. राग नाही. पण नाही." शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. दुसऱ्यांदा सांगताना ती रडली. एकदाच सांगून मोकळी झाली असती बिचारी, माझ्या कानांनी तिला दोनदा सांगायला लावलं.

पाणी प्यायली आणि गेली. पेनबिन काही विसरली नाही. ते मी रचलं.

तू लिहिलं होतंस, वाईट बातमी असलेला माणूस पडतो. मग मी ती तुला कशी देऊ? तू रोज वर चढणार. म्हणून गप्प राहिले. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. तू तिच्यासाठी लिहितोस. ती गेली म्हटल्यावर तू मला कशाला लिहिशील, असं वाटलं. दिवसभरात पोस्टमन तेवढा दाराशी थांबतो. त्याच्यासाठी मी तिला रोज खिडकीपाशी नेऊन बसवलं. ऊनही मीच आणलं.

रागाव. मला पुरे पडेल इतक्या मोठ्याने रागाव. पण त्या दिवशी वर जाऊ नकोस.

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

तुझं ऐकलं असतं तर मी तडतड्या कसला? पाकीट सोमवारी सकाळी मिळालं आणि कामावर जाता जाता, चालताना फाडलं. गेटपाशी वाचून झालं. मग दगडांच्या ढिगावर बसून परत वाचलं. ती तुला दोनदा बोलली, मीही दोनदा वाचलं.

मला आधी तुझा राग आला. इतका की हेल्मेट फेकलं. ते लोळत जाऊन मुकादमाच्या पायाशी थांबलं. आतलं कार्ड बाहेर पडलं. त्याने दोन्ही उचलली, कार्ड होतं तसं आत खोचलं, हेल्मेट माझ्या हातात दिलं. हा माणूस गप्प बसला की फार भीती वाटते.

हजेरीची वेळ झाली. सगळे उभे राहिले. ठिणगीच्या अपघातापासून मी प्रश्न एकत्र विचारत नाही. शिट्टी खिशात ठेवतो आणि एकेकापाशी जाऊन विचारतो. वेळ जातो, साहेब घड्याळ बघतात, पण थांबवत नाहीत. आता अधूनमधून कोणी सांगतं. पोराला ताप आहे. बायको माहेरी गेली. एकाने सांगितलं, बैल विकला, आणि सगळे हसले, पण त्याला मी खालीच ठेवला. तर त्या सोमवारी मी सगळ्यांना विचारून संपवलं आणि बेल्ट घालायला लागलो. मला वरच्या मजल्यावरचे कठडे बघायचे होते. खरं सांगू? मला वर जायचं होतं. ठिणगी म्हणाला होता ना, वर गेलं की दुसरं काही दिसत नाही.

तेवढ्यात तोच पुढे आला. "शिट्टी, झोप झाली का?"

मी म्हटलं, "हे मी विचारायचं असतं."

"काही प्यायलायस का?"

"डोकं खाऊ नकोस."

"घरून काही?"

सगळे उभेच होते. कोणी पांगलं नव्हतं. "सगळं ठीक" तोंडापर्यंत आलं होतं आणि ते मोठ्याने ओरडायला मला दुसरं कोणी हवं होतं. एकट्याला तो सूर लागतच नाही. मी म्हटलं, "आहे."

कोणी विचारलं नाही काय ते. मुकादमाने माझ्या कमरेचा बेल्ट सोडला, अगदी लहान पोराचा शर्ट काढावा तसा, आणि म्हणाला, "खाली बस. हेल्मेटांचे पट्टे तपास. कठडे मी बघतो." मी म्हटलं, तुम्ही नीट बघणार नाही. तर म्हणतो, "मग खालून शिट्टी वाजव. तुला काय, फुकट आहे."

दिवसभर मी हेल्मेटं मांडून बसलो होतो. एकेक पट्टा ओढून बघायचा, चाप लावायचा, सोडायचा. ठिणगी म्हणाला होता तसंच झालं, हात चालत होते आणि डोक्यात तीच होती. खाली बसल्याने दुःख कमी होत नाही, आत्या. नुसतं पडायला जागा राहत नाही. दुपारी मान वर केली तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या कडेने मी बसवलेला पिवळा कठडा दिसत होता. मला नेहमी वाटायचं, एक दिवस तिला इथे उभी करून तो दाखवीन. सरळ आहे, पक्का आहे. ती तो बघणार नाही. तिच्यामुळे बसवला होता. आता ज्यांच्यासाठी आहे ते त्याला पाठ टेकून विडी ओढत होते.

जेवताना मी गोण्यांशेजारी जाऊन बसलो. मला कोणी नको होतं. थोड्या वेळाने ठिणगी डबा घेऊन आला, मग मुकादम. ते बसले. मी उठलो नाही.

तुझ्यावरचा राग संध्याकाळपर्यंत टिकला नाही. त्या पेनाचं मात्र वाईट वाटलं. मी ते तुझ्याकडून मागून घेणार होतो.

मी लिहीत राहणार आहे. तिच्याबद्दल नाही लिहिणार. फळ्यांबद्दल, जाळ्यांबद्दल, मुकादमाच्या खोकल्याबद्दल लिहीन. कंटाळा आला तरी वाचायचं. सोबत कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाठवतोय, कॅलेंडर फाडणं बंद कर, नाहीतर तुला मे महिना कधी आला ते कळायचं नाही. मेमध्ये मी येतोय. आणि बाबांना या रविवारी खरं सांग. तू सांगेपर्यंत ते पेपर वाचत राहतील.

इतके दिवस मी तुला फक्त एकच प्रश्न विचारला, ती कशी आहे. तुला कोणी काही विचारत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. म्हणून आज तुलाच विचारतो. झोप झाली का? गुडघे कसे आहेत? घरून काही?

सावकाश सांग. मी खालीच आहे.

तुझा,
शिट्टी